सळई बांधणारे घरगुती यंत्र, नोंद चौथी : ओढ आधी, पीळ नंतर

काँक्रीटमधील लोखंडी सळया जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्या तारेच्या गाठीने बांधाव्या लागतात, आणि ही गाठ मारणारे यंत्र मी तयार करीत आहे. मागच्या नोंदीपर्यंत यंत्राचा जबडा तारेचा फेरा दोन सळयांभोवती बिनचूक घालू लागला होता. त्यानंतरचे अडीच महिने मात्र एकाच अडचणीत गेले. यंत्राने दिलेली गाठ एक तर मानेत, म्हणजे पीळ सुरू होतो तिथे, तुटत होती, नाही तर बोट लावताच सळईवर सरकत होती. या अडचणीचे मूळ आता सापडले आहे आणि यंत्राचा जवळजवळ अर्धा भाग नव्याने करावा लागला आहे, म्हणून ही नोंद मागच्या तिन्हींपेक्षा लांब आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की हिंगणघाट तालुक्यातील एका गावात माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे आणि हे यंत्र दुकान बंद झाल्यावरच्या वेळात तयार होत आहे. आमच्याकडे बांधकामाचा हंगाम कापूस निघाल्यानंतर सुरू होतो आणि पावसाळ्यापूर्वी संपवावा लागतो, त्यामुळे लोखंड बांधण्याचे बहुतेक काम मार्च ते मे या महिन्यांत, पारा पंचेचाळीस अंशांवर असताना होते. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, म्हणून साध्या घरकुलालाही खोल फुटिंग (पायाचा तळ) आणि प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची तुळई) घ्यावा लागतो, आणि जिथे बीम व कॉलम आहेत तिथे सळयांभोवतीच्या रिंगा आणि गाठी आल्याच. माझ्या घराशेजारी राहणारे काका पंचवीसहून अधिक वर्षे हेच काम करीत आहेत. त्यांचे उजवे मनगट आता सकाळी वळत नाही, गरम पाण्याने शेकून ते मोकळे करावे लागते. हे यंत्र करण्यामागचे कारण ते मनगट आहे.

जपानच्या मॅक्स कंपनीने बॅटरीवर चालणारे सळई बांधणीचे यंत्र १९९३ मध्ये बाजारात आणले, त्यामुळे कल्पना नवी नाही. मला हवे आहे ते यंत्र असे की जे गावातील भंगारातून जुळवता येईल, गावातच दुरुस्त होईल आणि हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणाऱ्या साध्या काळ्या बाइंडिंग तारेवर चालेल.

तारेचा निर्णय आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. काका २० गेजची तार दुमडून दुहेरी वापरतात. तिची जाडी ०.९१ मि.मी. असल्याने दोन पदरांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे १.३१ चौ. मि.मी. भरते. १८ गेजची तार १.२२ मि.मी. जाडीची असते आणि तिच्या एकाच पदराचे क्षेत्रफळ १.१७ चौ. मि.मी. होते, म्हणजे एकेरी १८ गेज ही दुहेरी २० गेजच्या जवळपास येते. यंत्रात एकच पदर खेळवणे कितीतरी सोपे असल्याने मी १८ गेज स्वीकारली. तिचा आणखी एक फायदा असा झाला की भंगारातून आणलेल्या मिग वेल्डिंगच्या फीडरमध्ये (तार पुढे ढकलणाऱ्या भागात) १.२ मि.मी. खाचेचे रोलर आधीपासून होते आणि तार त्या खाचेत नेमकी बसली. तोटाही आहे. वाकवण्याचा जोर जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २० गेजच्या तुलनेत ही तार वळवायला सुमारे २.४ पट जोर लागतो आणि तेवढीच जबड्याची झीज वाढते. त्यासाठी जबडा ट्रॉलीच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून कापून घेतला, लोहचुंबक चिकटेनासा होईपर्यंत तापवून तेलात बुडवला आणि नंतर गवती पिवळा रंग येईपर्यंत मंद आचेवर तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवला. सातशे-आठशे फेऱ्यांनंतरही त्याच्या आतील बाजूस फक्त नखाला जाणवेल एवढीच रेघ पडली आहे.

फीडरची मोटार २४ व्होल्टची आहे. ती मी फवारणी पंपाच्या १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर चालवतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो आणि तार सेकंदाला सुमारे १५० मि.मी. सरकते. आमच्या कामाला हा वेग पुरतो. शिवाय अशी बॅटरी इकडे प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असते आणि ती पाठीवर घेण्याची सवयही सर्वांना असते.

आता मूळ अडचणीकडे येतो. जुन्या रचनेत क्रम असा होता की रोलरने तार पुढे ढकलायची, जबड्याने तिला ४५ मि.मी. व्यासाचा फेरा द्यायचा, तार कापायची आणि मग यंत्राच्या डोक्याने, म्हणजे पुढच्या फिरत्या भागाने, दोन्ही टोके धरून पीळ द्यायचा. पीळ देण्यासाठी १२ व्होल्टच्या ड्रिलची गिअरसह मोटार आहे. दुकानामागे जुन्या १० मि.मी. सळयांची जाळी मांडून मी शंभर गाठींची चाचणी घेतली, तेव्हा २७ गाठी तुटल्या आणि १९ सैल राहिल्या. मी ड्रिलच्या क्लचचा (ठरावीक जोरानंतर मोटार सुटी करणाऱ्या भागाचा) आकडा वाढवला की तुटणाऱ्या वाढत आणि कमी केला की सैल राहणाऱ्या वाढत. मधला कोणताही आकडा दोन्ही दोष एकाच वेळी दूर करीत नव्हता. तार खराब असावी, या समजुतीने मी दोन दुकानांतून वेगळी बंडले आणली, आणि त्यात तीन आठवडे गेले.

एका रविवारी काका जाळीपाशी येऊन बसले. त्यांनी आठ-दहा गाठी यंत्राने होताना पाहिल्या, तुटलेला एक तुकडा उचलून बोटांत फिरवला आणि म्हणाले, "बाबू, तुही मशीन पीळ देते, पण ओढत नाई. पयले ओढ दे, मंग पीळ."

मी त्यांना एक गाठ सावकाश बांधायला सांगितली आणि मनगटाशी डोळे नेऊन पाहिले. दुमडलेली तार त्यांनी चौकाच्या (दोन सळया छेदतात त्या जागेच्या) खालून तिरपी काढली, दुमडीच्या डोळ्यात हातातील हुकाचे टोक घातले, दुसरी टोके हुकावरून आडवी घेतली आणि मग हुक फिरवण्यापूर्वी मनगट सरळ वर उचलले. ती उचल बोटभरसुद्धा नव्हती, पण तेवढ्यात तार सळयांना चिकटली आणि सळया एकमेकींवर बसल्या. त्यानंतर मनगटाने जेमतेम दीड-दोन फेरे दिले, आणि फेरे देताना हुक हळूहळू खाली, सळयांकडे जात होता. पीळ पडला की तार आखूड होते, आणि त्यांचा हात ती आखूड होऊ देत होता. मी हे काम लहानपणापासून पाहत आलो आहे, पण ती उचल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

त्यानंतर हिशेब मांडला. ४५ मि.मी. व्यासाच्या फेऱ्याचा परीघ १४१ मि.मी. असतो, तर एकमेकींवर ठेवलेल्या दोन १० मि.मी. सळयांना तिरपे कवटाळायला साधारण ६५ मि.मी. तार पुरते. उरलेली पाऊणशे मि.मी. ढिलाई माझे यंत्र निव्वळ पिळाने संपवू पाहत होते. पिळाच्या एका फेऱ्यात फारच थोडी तार खाल्ली जाते, म्हणून सात-आठ फेरे द्यावे लागत. काळी तार मऊ असते ती तापवून सावकाश थंड केल्यामुळे, परंतु थंड अवस्थेत पिळत राहिले की ती कडक आणि ठिसूळ होत जाते, त्यामुळे फेरा सळयांना घट्ट बसण्यापूर्वीच मान कडक होऊन तुटत असे. त्यातच माझे डोके एकाच जागी पक्के बसवलेले असल्याने आखूड होणाऱ्या तारेवर ताणही वाढत होता. तारेत दोष नव्हता, दोष यंत्राच्या क्रमात होता. मॅक्सच्या अलीकडच्या, दोन तारा एकदम सोडणाऱ्या यंत्रातही पिळापूर्वी जादा तार मागे खेचली जाते, हे मला माहीत होते. मात्र ती सोय मी तार वाचवण्यापुरती समजत होतो. गाठीची घट्टी त्या खेचण्यावरच उभी आहे, हे काकांच्या मनगटामुळे कळले.

नव्या रचनेत फेरा घालून परत आलेले तारेचे टोक डोक्याजवळच्या एका लहान चिमट्यात अडकते. हा चिमटा दाबण्यासाठी चारचाकीच्या सेंट्रल लॉकचा, म्हणजे दाराचे कुलूप सरकवणारा, १२ व्होल्टचा अ‍ॅक्च्युएटर वापरला आहे, आणि स्वस्तात मिळणाऱ्या सुट्या भागांमध्ये इतका कामाचा दुसरा भाग मला आढळलेला नाही. टोक धरले गेले की फीडरची मोटार उलटी फिरते आणि तार मागे खेचते. रोलरच्या आसावर वीस खाचांची चकती आणि सेन्सर आहे, त्यामुळे किती तार पुढे गेली आणि किती मागे आली हे मोजले जाते. सध्या १९० मि.मी. तार पुढे जाते आणि सुमारे ५० मि.मी. मागे येते, म्हणजे एका गाठीला १४० मि.मी. लागते. १८ गेजची एक किलो तार सुमारे १०९ मीटर भरते, त्यामुळे पूर्वी किलोभर तारेत पावणेसहाशेच्या आसपास गाठी झाल्या असत्या, तर आता पावणेआठशेच्या जवळपास होतात. कापण्याचे काम तूर्त हाताच्या खटक्यावरच ठेवले आहे. पीळ देणारे डोके आता पक्के बसवलेले नसून चौकोनी आसावर १२ मि.मी. पुढे-मागे सरकते आणि त्यामागे मऊ स्प्रिंग आहे, म्हणजे तार आखूड होईल तसे ते सळयांकडे ओढले जाते.

थांबण्याची खूण म्हणून क्लच काढून टाकला आणि मोटारीचा करंट मोजायला एसीएस७१२ हा ३० अँपिअरचा सेन्सर लावला, जो दर अँपिअरला ६६ मिलिव्होल्ट देतो. करंट मोटारीच्या जोराच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे बॅटरी थोडी उतरली तरी गाठीच्या घट्टीत फरक पडत नाही, हा माझ्या दृष्टीने त्याचा मोठा गुण आहे. मोटार सुरू होतानाचा झटका मात्र गाठ आवळल्यासारखाच दिसतो, म्हणून यंत्र चालवणाऱ्या आर्डुइनो या छोट्या संगणक-बोर्डाला पहिल्या १५० मिलिसेकंदांतील वाचन सोडून द्यायला सांगितले आहे. मर्यादा ११ अँपिअरवर ठेवली असून चार फेऱ्यांच्या पुढे डोके कोणत्याही परिस्थितीत फिरत नाही.

त्याच जाळीवर पुन्हा शंभर गाठी घेतल्या, तेव्हा ३ तुटल्या आणि ५ सैल निघाल्या. पाचही सैल गाठी एकाच सळईवर होत्या आणि ती सळई वाकडी होती. वेचणीचा कापूस तोलण्याचा स्प्रिंगचा काटा सळईला अडकवून मी काकांच्या दहा आणि यंत्राच्या दहा गाठी ओढून पाहिल्या. काकांच्या गाठी थोड्या जास्त ओढीला सरकल्या, पण यंत्राच्या गाठी एकमेकींशी अधिक सारख्या होत्या. गाठीने स्लॅबची ताकद वाढत नाही, काँक्रीट आवळेपर्यंत सळई जागेवर राहावी एवढेच तिचे काम आहे, आणि त्या कामाला या गाठी पुरेशा आहेत असे मी आता म्हणू शकतो.

मध्ये एक नुकसान झाले, ते इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. तारेचे रीळ धरणारी फिरकी मी थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये छापून घेतली होती. मे महिन्यात दुपारी यंत्र पत्र्याच्या पेटीत उन्हात राहिले आणि संध्याकाळी फिरकी एका बाजूला वितळल्यासारखी कलंडलेली मिळाली. पीएलए साठ अंशांच्या सुमारास मऊ पडते आणि आमच्याकडे बंद पेटीत तेवढे तापमान सहज होते. आता फिरकी पत्र्याची आहे.

खरी परीक्षा माझ्याच गोठ्याच्या ३ बाय ४ मीटरच्या स्लॅबवर झाली. दोन्ही दिशांना १५० मि.मी. अंतर धरले तर २१ आणि २७ सळया, म्हणजे ५६७ चौक होतात. कडेचे सगळे आणि आतले एकाआड एक बांधायचे ठरले. सुरुवातीलाच अडले, कारण काकांची पद्धत अशी की जाळी सेंटरिंगच्या (स्लॅबखालच्या तात्पुरत्या साच्याच्या) प्लेटांवर टेकवूनच बांधायची आणि मग उचलून कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई साच्यापासून वर धरणारे ठोकळे, सारायचे. माझ्या जबड्याला सळईखाली ९ मि.मी. मोकळी जागा लागते. काकांनी काही न बोलता आधी २० मि.मी.चे ब्लॉक मांडायला घेतले, आणि त्यानंतर जबडा सर्वत्र आरामात खाली गेला. यंत्राला हातभर लांबीचा पाइप जोडला असल्याने त्यांनी पहिल्या नऊ ओळी उभ्यानेच बांधल्या. वेगात यंत्र त्यांच्यापुढे नाही, एका गाठीला दोघांनाही तीन-साडेतीन सेकंद लागतात. फरक असा की अकरा वाजता उन्हामुळे काम थांबवले तेव्हा ते कंबर धरून उठले नाहीत.

त्या दिवशी यंत्राने २१४ गाठी बांधल्या. जिथे सळयांचा जोड येऊन तीन सळया एकत्र होत्या तिथे फेरा अपुरा पडला आणि त्या गाठी हुकानेच बांधाव्या लागल्या.

कॉलम आणि बीमच्या रिंगांना मात्र मी अजून यंत्र लावू देत नाही. यंत्राच्या गाठीची शेंडी, म्हणजे पिळलेले टोक, २२ मि.मी. उभी राहते. स्लॅबच्या खालच्या जाळीत ती वर, काँक्रीटच्या पोटात जाते, त्यामुळे बिघडत नाही. रिंगेवर तीच शेंडी बाहेर, कव्हरच्या, म्हणजे सळईबाहेरच्या काँक्रीटच्या, थरात येते आणि तिथून गंज आत शिरतो, म्हणून काका प्रत्येक शेंडी हुकाच्या पाठीने आत दाबतात. पीळ संपल्यावर डोक्याने शेंडी आडवी करून सोडावी, यासाठी आसाला शेवटच्या पाव फेऱ्यात तिरपे करणारी एक कॅम (फिरताना दुसऱ्या भागाला ढकलणारा तुकडा) मी कागदावर काढली आहे, आणि तिच्यासाठी पाट्याचा उरलेला तुकडा वापरणार आहे.