लिव्हिंग्स्टनची खरखर

ह्यूस्टनहून पहाटे चारला निघालो. लुइझियानात हायवे दलदलीवरून धावतो. अचाफलाया खोऱ्यावरचा एक पूलच 29 किलोमीटरचा. "एवढं पाणी नुसतं पडून?" आई हळहळली. तिचं माहेर मराठवाड्यातल्या वसमतचं, पाण्याचा विषय जिव्हाळ्याचा.

बॅटन रूज ओलांडल्यावर पाइनचं जंगल लागलं आणि त्यात लिव्हिंग्स्टनची लिगो वेधशाळा. दुर्बीण-बिर्बीण काही नाही. काटकोनात गेलेल्या, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काँक्रीटच्या भुजा.

"हा नाला दाखवायला आणलंस होय?"

नाल्याच्या आत निर्वात पोलादी नळी आणि 40 किलोचे टांगलेले आरसे. गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच आलेला तरंग, इथून गेली की आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलतं. हे टिपायचं, आणि आजूबाजूला लाकूडतोड, मालगाड्या, आखाताच्या लाटांनी थरथरणारी जमीन!

कंट्रोल रूमच्या पडद्यांसमोर उभी असताना माझ्या डोक्यात 17 ऑगस्ट 2017 होता. सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या ताऱ्यांचे अतिघन गाभे, एकमेकांत विलीन झाले, त्याचा शंभरेक सेकंदांचा सिग्नल इथवर पोचला. पण शेवटाला जेमतेम सेकंद उरला असताना नेमका इथल्याच यंत्रात मोठा खरखराट झाला. संगणकाने एकट्या हॅनफर्डची, म्हणजे वॉशिंग्टन राज्यातल्या जुळ्या लिगो वेधशाळेची, नोंद धरली. मग माणसांनी इथला आलेख उघडला, तर खरखरीच्या आडून सिग्नलची वर चढत गेलेली रेघ स्वच्छ दिसत होती! विलीनीकरणानंतर 1.7 सेकंदांनी फर्मी उपग्रहाने गॅमा किरणही टिपले होते. त्या टकरीत तयार झालेल्या सोन्या-प्लॅटिनमच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. मला मात्र ही खरखरच जास्त आवडते.

29 मे 2023 ला तर हॅनफर्ड बंदच होतं. एक न्यूट्रॉन तारा आणि बहुधा एक हलकं कृष्णविवर, त्यांची टक्कर एकट्या लिव्हिंग्स्टनने ऐकली.

"आपल्या औंढ्याला हेच होणार ना?"

"हेच, लिगो-इंडिया. 2023 मध्ये केंद्राने मंजुरी दिलीय."

"मग शिवरात्रीला नागनाथाच्या यात्रेचं काय करतील? केवढ्या गाड्या येतात!"

प्रश्न रास्त होता. मला उत्तर सुचलं नाही.

परतताना गावात रेल्वे फाटकाशी थांबलो. मालगाडी संपता संपेना. गाडीची काच थरथरत होती. आई डबे मोजत होती. साठाच्या पुढे तिने नाद सोडला आणि मागे वळून जंगलाकडे पाहिलं.

"त्या आरशांचं काय होत असेल गं आत्ता?"