वाऱ्याला विचारून

गुहागरला कुणी समुद्रकिनारा निवडत नाही. व्याडेश्वराच्या देवळाच्या मागच्या अंगाला दोन वाड्यांमधल्या पाणंदीतून चालत सुटलं की माड संपतात, सुरूची झाडं लागतात आणि त्यापुढे जो असतो तो आपला समुद्र. प्रश्न असलाच तर कधी जायचं एवढाच, आणि तोही भिंतीवरचं कालनिर्णय सोडवतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा पाण्यापासून चार पावलं लांब. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पोरं पुळणीवर मोकाट. माझी आई या हिशोबात वाढली. त्यामुळे इटलीतल्या सार्डिनिया बेटावर जायचं ठरलं आणि माझ्या लेकीने चक्क किनाऱ्यांची एक्सेल शीट काढली, तेव्हा आई ती शीट मुलीच्या लग्नाचं स्थळ बघावं तशी चष्मा पुसून वाचत होती. वाळूचा रंग, पाण्याचा रंग, गर्दी, पार्किंग, फोटो कसा येतो. "आणि वारा कुठे लिहिलाय?" एवढंच तिने विचारलं. लेक म्हणाली, "आजी, भूमध्य समुद्र शांत असतो गं."

शीट करावीशी वाटते यात लेकीचा दोष नाही. सार्डिनिया हे भूमध्य समुद्रातलं सिसिलीखालोखाल मोठं बेट. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या तेराव्या हिश्श्याइतकं, पण किनारा सुमारे 1,850 किलोमीटर. आपण शाळेत महाराष्ट्राची किनारपट्टी 720 किलोमीटर अशी पाठ केली होती, तिच्या अडीच पट. तोही एकसारखा नाही. ईशान्येला गुलाबी ग्रॅनाइटचे घासून गोल झालेले धोंडे, पूर्वेला चुनखडीचे उभे कडे, पश्चिमेला उघडा समुद्र आणि वाळूच्या टेकड्या. आठवडाभरात यातलं काय काय बघणार? काहीतरी कटाप करावंच लागतं.

पहिली कटाप झाली कोस्ता स्मेराल्दा. ईशान्येचा हा श्रीमंतांचा किनारा 1960च्या दशकात वसवला प्रिन्स करीम आगाखान यांनी. पुण्याच्या आगाखान पॅलेसशी त्याचं नातं सरळ घरचंच आहे. 1892 साली तो राजवाडा बांधला त्यांच्या आजोबांनी आणि 1969 मध्ये देशाला देऊन टाकला या नातवाने. म्हणजे या घराण्याचा एक वाडा आम्ही नगर रस्त्याने जाता-येता फुकटात बघतो. दुसऱ्या ठिकाणी कॉफीच्या किमती ऐकून नवऱ्याने शीटमधली ती ओळ स्वतःच्या हाताने पुसली.

उरलेल्या ओळी पुसल्या घरमालकिणीने. बेटाच्या दक्षिण टोकाला असलेल्या राजधानीत, कालियारीत, आम्ही जिच्या घरात उतरलो होतो ती बाई सकाळी गॅलरीत यायची, समोरच्या इमारतीवरच्या झेंड्याकडे बघायची आणि एकच शब्द टाकायची. बहुधा 'मायेस्त्राले'. हा वायव्येचा वारा. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून तो समुद्रावर उतरतो आणि मध्ये अडवायला काहीच नसल्यामुळे थेट सार्डिनियाच्या पश्चिम अंगावर येऊन आदळतो. एकदा लागला की दोन-तीन दिवस उसंत देत नाही. किनाऱ्यावरची ज्युनिपरची झाडं याच वाऱ्याने आग्नेयेकडे वाकलेली दिसतात. मायेस्त्राले असला की पूर्वेला जायचं. सिरोक्को, म्हणजे सहाराकडून येणारा आग्नेयेचा दमट वारा असला की पश्चिमेला. तिथे घरोघरी हाच हिशोब चालतो. आदल्या रात्री ठरवलेला किनारा सकाळी बदलणं याला कुणी बेत फिसकटला म्हणत नाही.

आईला हे दुसऱ्या दिवशीच जमलं. तिथीऐवजी झेंडा, एवढाच काय तो फरक.

तिथीचं तिथे काही चालतच नाही, कारण भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. भूमध्य समुद्राला अटलांटिकशी जोडणारं दार म्हणजे जिब्राल्टरची सामुद्रधुनी. सर्वांत अरुंद जागी ती जेमतेम 14 किलोमीटर. एवढ्याशा फटीतून महासागराची भरती ती काय आत शिरणार! पाणी चढतं-उतरतं ते वीत-दीड वीत. सकाळी चप्पल जिथे काढली तिथेच ती संध्याकाळी कोरडी. सोय आहे खरी. पण ओहोटीनंतर उघडी पडते ती ओली, घट्ट, पावलाखाली न खचणारी वाळू तिथे नाही, आणि समुद्रावर चालायला जाणं म्हणजे काय हे ज्याला कोकणात कळलं आहे त्याला ती उणीव बोचते. पाण्यात पोहायचं, नाहीतर कोरड्या वाळूत पडायचं. मधलं काही नाही. पडण्यातही पंचाईत अशी की ते लोक उन्हात पडतात, आम्ही सावली शोधतो.

वाऱ्याचं न ऐकता आम्ही एकदा गेलो, ते इस आरुतासला. पश्चिमेच्या सिनिस द्वीपकल्पावरचा हा किनारा लेकीच्या शीटमध्ये वरच्या तीनांत होता आणि त्या दिवशी मायेस्त्राले जोरात होता. इथली वाळू म्हणजे गारगोटीचे घासून गुळगुळीत झालेले दाणे, तांदळाच्या कणीएवढे. मूठभर घेऊन उन्हात धरले तर पांढऱ्यात मध्येच एखादा गुलाबी, एखादा हिरवट, काही आरपार दिसणारे. वाऱ्याने ते उडून पोटऱ्यांवर असे तडातडा बसत होते की सर्फिंगवाली पोरं सोडली तर किनाऱ्यावर कुणी टिकलं नाही. आम्ही गाडीच्या आडोशाला बसून पाने कारासाउ खाल्ले. ही तिथल्या धनगरांची पातळ, कडक, महिनोन्‌महिने टिकणारी भाकरी. सोबत टोमॅटो आणि मेंढीच्या दुधाचं चीज. आईने पिशवीतून लसणाची चटणी काढली. त्या भाकरीवर ती इतकी जमली की पुढे रोजचा डबा तोच झाला. त्या वाळूचा एक गुण मात्र आईने मान्य केला. ती अंगाला चिकटत नाही. वाळली की झटकल्यासरशी पडते, घरात केर होत नाही.

पण हे दाणे खिशात घालायचे नाहीत. 2017 पासून तिथे वाळू, गोटे, शिंपले नेले तर 500 ते 3,000 युरो दंड आहे. 2019 मध्ये एका फ्रेंच जोडप्याच्या गाडीत प्लास्टिकच्या बाटल्यांमध्ये भरलेली चाळीसेक किलो वाळू बंदरावर पकडली गेली. आठवण म्हणून नेत होतो, म्हणाले. चाळीस किलो आठवण! कित्येक जण वर्षांनंतर पस्तावून वाळू टपालाने परत पाठवतात म्हणे, सोबत माफीची चिठ्ठी. वायव्य टोकावरच्या ला पेलोसावर तर नुसता टॉवेल अंथरायलाही मनाई आहे, खाली चटई हवीच, कारण ओल्या टॉवेलला चिकटून वाळू जाते. तिथे उन्हाळ्यात दिवसाला 1,500 माणसांनाच प्रवेश, तोही आधी ऑनलाइन साडेतीन युरो भरून. आई म्हणाली, "समुद्राला तिकीट?" मला विचाराल तर साडेतीन युरो फार नाहीत. आपल्याकडे सोमवारी सकाळी चौपाटीवर रविवारचं जे उरलेलं असतं ते बघितल्यावर तर अजिबात नाहीत. तरी ला पेलोसा आम्ही सोडला. कालियारीहून तो बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि पोचेपर्यंत वारा फिरला तर?

पूर्वेचे कडे मात्र सोडले नाहीत. मुक्काम हलवून सांता मारिया नावार्रेझेला गेलो. इथे वाऱ्याचा प्रश्न मिटतो, मायेस्त्राले कड्यांच्या पाठीवरून निघून जातो. पण त्याच कड्यांपायी नवा हिशोब सुरू होतो, उन्हाचा. किनारे पूर्वाभिमुख आणि मागे शे-दोनशे मीटरची भिंत, त्यामुळे दुपार कलली की सूर्य कड्याआड आणि सगळा किनारा सावलीत. पर्यटकांना हे आवडत नाही, ते सकाळी आठची होडी गाठायला धावतात. आम्ही दुपारची घेतली. काला लूनाला तर कड्याच्या पायथ्याशी एकाला एक लागून प्रचंड गुहा आहेत. आत वाळूच, वर दगडी छत. आईने एका गुहेत सतरंजी टाकली, थर्मासमधला चहा ओतला आणि "हा किनारा बरा आहे" असं प्रशस्तिपत्रक दिलं. बाहेर पाण्याचा रंग काय होता हे तिला विचारलंत तर सांगता येईल की नाही, शंका आहे.

त्याच किनारपट्टीवरची काला गोलोरित्से ही लेकीची पहिल्या नंबरची निवड. 2025 मध्ये जगातल्या सुंदर किनाऱ्यांच्या एका यादीत तिचा खरोखरच पहिला नंबर आला होता, तेव्हा गर्दीची धास्ती होती. पण होडीला तिथे लागायची बंदी आहे आणि दिवसाला 250 जणांनाच प्रवेश. जायचं तर बाउनेई गावाच्या वर गोल्गोच्या पठारावर गाडी ठेवून साडेतीनेक किलोमीटर पायी खाली. आई पठारावरच थांबली. तिथे डुकरं मोकळी हिंडतात आणि शेळ्या येऊन पिशव्या हुंगतात, त्यामुळे तिचा वेळ बरा गेला.

सह्याद्रीत फिरलेल्याला ती वाट अवघड नाही, पण उलटी आहे. आपल्याकडे आधी चढतो आणि दमून उतरतो, इथे गंमतीत उतरायचं आणि मग डोक्यावर ऊन घेऊन वर यायचं. खाली दुकान नाही, पाणी नाही, संडास नाही. वाटेत धनगरांचं जुनं खोपटं लागलं, खाली दगडाची रांग आणि वर ज्युनिपरची लाकडं शंकूसारखी उभी केलेली. मग एका वळणावर झाडांमधून तो 143 मीटरचा सुळका दिसतो. त्याच्या टोकावर दोन ठिपके हलत होते, गिर्यारोहक. पायथ्याशी असलेला किनारा मात्र इतका लहान की फोटो पाहून आलेला माणूस क्षणभर गप्पच होतो. 1962 मध्ये दरड कोसळली आणि तिच्या दगडांतून तो तयार झाला, म्हणजे माझ्या आईहून वयाने लहान. पायाखाली वाळू नाही, पांढरे गोटे. पण त्या गोट्यांवरून पाण्यात शिरलो आणि चष्मा लावून खाली पाहिलं तर वीसेक फुटांवरचा एकेक दगड मोजून घ्यावा असा दिसत होता. तळातून गोड पाण्याचे झरे येतात तिथे पाणी एकदम गार लागतं. चढून वर आलो तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. त्या रात्री बाउनेईत कुलुर्जोनेस खाल्ले, बटाटा, पुदिना आणि चीजचं सारण भरून काठाला मुरड घातलेले. आई मुरड निरखत म्हणाली, "हात चांगला आहे बाईचा."

सगळेच किनारे असे लखलखीत नसतात. दक्षिणेला एका ठिकाणी पाण्याच्या कडेने गुडघाभर तपकिरी पात्यांचा ढीग साचला होता आणि त्यात हलके, लव असलेले गोळे पडले होते. कुणालाही वाटेल की नगरपालिकेचं दुर्लक्ष. हे पोसिदोनिया. शेवाळ नव्हे, मुळं-फुलं असलेलं समुद्राच्या तळावरचं गवत, त्याची ही जात फक्त भूमध्य समुद्रातच उगवणारी. त्याची कुरणं खालची वाळू धरून ठेवतात आणि गळलेली पाती किनाऱ्यावर साचून हिवाळ्यातल्या लाटांपासून तो वाचवतात. ढीग उचलून नेला तर पाठोपाठ वाळूही जाते. तेव्हा पाण्याकाठी असा ढीग दिसला तर नाक मुरडू नये, समोरचं पाणी चांगलं आहे असं खुशाल धरून चालावं.

या गवतावर राहणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या लालसर कवचांनी बुदेल्ली नावाच्या लहानशा बेटावरचा एक किनारा गुलाबी झाला आहे. गुलाबी म्हणूनच लोकांनी वाळू नेली, नांगर टाकून गवत उपटलं, आणि अखेर 1990च्या दशकात तिथे पाऊल ठेवायलाच बंदी आली. त्या बेटावर माउरो मोरांदी नावाचा माजी शिक्षक राखण करत होता. 1989 मध्ये पॉलिनेशियाला निघालेल्या त्याच्या होडीत बिघाड झाला, इथे थांबावं लागलं, रखवालदार निवृत्त होत होता, याने ती जागा घेतली आणि 2021 पर्यंत एकटा राहिला. आम्ही सगळे शीट करकरून किनारे निवडतो. ह्याने निवडला नाही, होडी बंद पडली तिथे राहिला. शेवटी त्यालाही तिथून काढलं आणि 2025च्या जानेवारीत तो गेला. बुदेल्ली आम्ही पाहिला नाही. लांबून होडीतूनच बघायचा तर तेवढ्यासाठी अख्खं सार्डिनिया ओलांडायला कुणी तयार नव्हतं.

परतीच्या आधी पुन्हा कालियारी. शहराचा स्वतःचा किनारा पोएत्तो, आठेक किलोमीटर लांब, सिटी बसने जाता येतो. कुठल्याही यादीत तो वर नसतो. हातगाड्यांऐवजी टपऱ्या, आइस्क्रीम, सायकलवाली पोरं, आणि वरून मोलेंतार्जियुसच्या खाजणाकडे जाणारे फ्लेमिंगो. ठाण्याच्या खाडीत तेच बघायला आपण होडीचं तिकीट काढतो. तिथल्या आज्या घडीच्या खुर्च्या थेट पाण्यात मांडून, घोटे बुडवून पत्ते खेळत होत्या. एकीने आईकडे पाहून रिकाम्या खुर्चीवर थाप मारली. भाषा येत नसताना आई तिथे तासभर काय बोलत होती कोण जाणे, पण उठायला तयार नव्हती.

शेवटच्या दिवशी घरमालकीण गॅलरीतून म्हणाली, सिरोक्को. म्हणजे पोएत्तोवर लाटा येणार, आज पश्चिमेला जा. लेकीने लगेच गाडीची किल्ली उचलली. आई पायात चपला सरकवत होती.

"तुम्ही जा, मी बसने पोएत्तोला जाते."

"आजी, लाटा आहेत तिकडे आज."

"मग? इतके दिवस नुसतंच पाणी बघतेय."