तुम्ही विचारलंत म्हणून: बायोडाटात वय लिहायचं का?

सूतगिरणीच्या हिशेब खात्यातून ५८ व्या वर्षी निवृत्त झाले आणि काही महिन्यांनी पुन्हा कामाला लागले. तेव्हापासून हा प्रश्न मला फार जण विचारतात. सिद्धेश्वरांच्या दर्शनाला गेले तरी तळ्याकाठी कुणीतरी बाजूला घेतं आणि हळू आवाजात म्हणतं, "ताई, वय लिहिलं होतं का हो तुम्ही?" तो हळू आवाज माझ्या ओळखीचा आहे. जन्मतारीख सांगताना मलाही गुन्हा कबूल केल्यासारखं वाटायचं.

माझं उत्तर असं: कागदावर लिहू नका, विचारलं तर खरं सांगा. पहिल्या पानावर वर काय काय काम येतं तेच असू द्या. खोटी तारीख मात्र कधीच नको. आधारवर आणि पीएफच्या खात्यावर ती असतेच, रुजू होताना उघडी पडते. मग वय राहतं बाजूला आणि आपलं नाव खराब होतं.

पहिल्या ठिकाणी, अक्कलकोट रोडला गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात, तरुण मॅनेजर म्हणाला, "काकू, आता आराम करा की. नातवंडं सांभाळा." मुलगा वाईट नव्हता, चहा पाजला त्यानं. पण माझी ३४ वर्षांची नोकरी ज्या पानावर होती ते पान त्यानं उलटलंसुद्धा नाही. याचं मला अजून वाईट वाटतं.

तक्रार कुठं करायची, असंही विचारता. खाजगी नोकरीत वयावरून नाकारू नये असा सरसकट कायदा आपल्याकडे नाही. संविधानाचं कलम १६ सरकारी नोकरीपुरतं आहे, आणि त्यात धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आहे, पण वय नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्यांसाठी असा कायदा १९६७ सालीच झाला. आपल्याकडे "वय ३५ पर्यंत" अशी जाहिरात उघड छापून येते. हे बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर आपल्या हातात काय, तर काम दाखवणं. वयाचा प्रश्न सरळ येतच नाही. कॉम्प्युटर जमतो का, पोरांच्या हाताखाली चालेल का, असा वळणानं येतो. टॉवेलच्या एका कारखान्यात मालकांनी कॉम्प्युटरचं विचारलं. मी म्हटलं, "मागच्या महिन्याचा जीएसटीचा टू-बी काढून द्या आणि खरेदीची फाइल द्या." टू-बी म्हणजे आपल्याला माल विकणाऱ्यांनी पोर्टलवर चढवलेल्या बिलांची यादी. सुताची चार बिलं तिच्यात दिसत नव्हती, म्हणजे त्या खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे क्रेडिट, अडकलेलं. तिथला अकाउंटंट मुलगा सूत विकणाऱ्या पार्टीला फोन करकरून थकला होता. पलीकडून एकच उत्तर, रिटर्न वेळेवर भरतो. मी पार्टीचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहिला. ती तिमाही रिटर्न भरणारी निघाली. अशा पार्टीनं पहिल्या दोन महिन्यांत बिलं आयएफएफमध्ये, म्हणजे रिटर्नच्या आधी बिलं चढवायच्या सोयीत, चढवली नाहीत, तर ती तिमाहीचं रिटर्न भरल्यावरच दिसतात. कुणी खोटं बोलत नव्हतं. मुलानं वही काढून तिथल्या तिथं लिहून घेतलं.

मालकांना आणखी एक शंका होती, पीएफची. या वयाच्या माणसाचा काही जादा भार पडतो का? नाही पडत. मालकाचा वाटा तेवढाच राहतो. ५८ नंतर त्यातला पेन्शनचा हिस्साही पीएफमध्येच जातो, एवढंच. ही शंका समोरचा बोलून दाखवेलच असं नाही, म्हणून आपणच सांगावं.

आणि पगार. इथं आपली माणसं सगळ्यात जास्त नमतात. "तुम्हाला पेन्शन असेल की," असं म्हणून निम्मा आकडा पुढे येतो. पीएफची किमान पेन्शन महिना १००० रुपये आहे, आणि गिरणीतून निघालेल्या कितीतरी जणांचं तेवढ्याच्याच आसपास भागवणं चाललंय. तसंही, तीस वर्षं केलेल्या नोकरीची पेन्शन नव्या पगारातून का वजा व्हावी? मी मालकांना म्हटलं, "या खुर्चीवर तिशीतला माणूस बसला असता तर काय दिलं असतं, ते द्या."

पहिले दोन महिने तो आकडा मिळाला नाही. दर पगाराला मी आठवण करून देत राहिले. तिसऱ्या महिन्यात मिळाला.