एकशे अठ्ठावीस की एकोणतीस

आमच्या दुकानात जास्त करून अँप्लिफायर आणि यूपीएस येतात, पण वर्षातून पाचसहा जुने होम कॉम्प्युटरपण येतात कारण पुण्यात आता ते उघडणारी माणसं कमीच उरलीत. गेल्या महिन्यात एक रिटायर्ड गणिताचे सर आणि त्यांचा मुलगा डीबी स्पेक्ट्रम घेऊन आले. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पुण्यातच डेसिबेल्स नावाची कंपनी सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम प्लस या नावाने विकायची, तोच तो, प्रोग्रॅम साध्या ऑडिओ कॅसेटवरून लोड होणारा. मुलगा म्हणाला, काका, याला एसडी कार्डवालं ते डिव्हएमएमसी लावा आणि या कॅसेटी टाकून द्या. सर गप्प. एकच कॅसेट मात्र त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलेली.

जुन्या मशीनला स्टोरेज कुठलं लावायचं विचारलं की सगळ्यांना फक्त स्पीड पाहिजे असतो. डिव्हएमएमसी मस्तच आहे, मागच्या एज कनेक्टरला लावा, बटण दाबा, मेन्यू येतो, पाच मिनिटांचं लोडिंग डोळा मिटेपर्यंत संपतं. पण मशीन चालू असताना ते घालायचं किंवा काढायचं नाही म्हणजे नाही, नाहीतर खालच्या 16 केबी मेमरीच्या 4116 चिपा गेल्याच समजा, आणि हे दहावेळा सांगूनही लोक करतातच. शिवाय कार्ड एफएटी16 किंवा एफएटी32 फॉरमॅटचं लागतं आणि ईएसएक्सडॉस, म्हणजे डिव्हएमएमसीवर चालणारी सिस्टिम, तिच्या फर्मवेअरचं जे व्हर्जन तेच सिस आणि बिन फोल्डरचं पाहिजे. मुलाने कार्ड आणलं 64 जीबीचं, तेही एक्सफॅट! 48 केबीच्या मशीनला. साधारण तेरा लाख पट होतं ते. दुसरं म्हणजे टीझेडएक्सड्युइनो, ते कार्डवरून कॅसेटसारखा आवाजच काढून मशीनच्या कॅसेट लावायच्या 'इअर' सॉकेटमधे देतं, म्हणून स्वतःचा लोडर (टेप वाचायचा कोड) असलेले हट्टी गेमपण त्यावर चालतात, पण वेळ मात्र कॅसेटएवढाच लागतो. मी डिव्हएमएमसीच लावलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण हे सगळं इंटरनेटवरचे गेम खेळायला. सरांच्या खिशातलं कुठल्या कार्डवर मिळणार होतं?

तर ती कॅसेट. तिच्यावर सरांचा मुलांच्या मार्कांचा प्रोग्रॅम. आत टेप हेडवर दाबून धरणारं प्रेशर पॅडच नव्हतं, डिंक सुकून पडलेलं. दुसऱ्या कॅसेटचं काढून बसवलं, मग डेकच्या हेडचा टेपशी असलेला कोन, म्हणजे अ‍ॅझिमथ बारीक स्क्रू ड्रायव्हरने फिरवत फिरवत आवाज धारदार होईपर्यंत, हे काम मला मनापासून आवडतं, आणि मग 44.1 किलोहर्ट्झला वेव्ह फाइल. सरांच्या काळात प्रोग्रॅम दोनदा सेव्ह करायची पद्धत होती. त्यांनीही केलेला, दुसरी कॉपी बी साइडला. तिच्यावर घरातल्या कुणीतरी आरत्या टेप केलेल्या.

ए साइड सगळी वाचली, शेवटी आर टेप लोडिंग एरर. स्पेक्ट्रमच्या ब्लॉकमधे शेवटी एकच पॅरिटी बाइट असतो, सगळ्या बाइटांचा एक्सॉर (बिटाबिटाने केलेली बेरीज, हातचा न धरता), तो जुळला नाही की मशीन अख्खा ब्लॉक नाकारतं. माझ्या पीसीवर फरक आला बरोबर 1. म्हणजे बहुतेक एकच बिट उलटलेला. कुठल्या बाइटातला ते पॅरिटी सांगत नाही. पण स्पेक्ट्रमच्या बेसिकची एक गंमत आहे, प्रत्येक आकडा दोनदा साठवलेला असतो, एकदा आपल्याला दिसणारे अंक आणि त्यामागे लपलेले पाच बाइट, हिशोब त्या पाचांवरच होतो. छोटी स्क्रिप्ट लिहून दोन्ही ताडून पाहिले. एकच जागा सापडली. डेटाच्या ओळीत एका विद्यार्थ्याचे मार्क, दिसायला 129, लपलेले 128. लिस्ट केलं तर 129, रन केलं तर 128!

मला वाटलं सुटलं. तर नाही. '9' चा '8' करायलाही एकच बिट लागतो आणि 128 चे 129 करायलाही तोच एक बिट, दोन्हीकडून फरक 1 च. मग वेव्ह फाइल मोठी करून पाहिली. शून्याचा पल्स 855 टी-स्टेटचा (टी-स्टेट म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका), एकाचा 1710 चा, ते दोन्ही संशयित बिट टेपवर एकमेकांपासून मिलीमीटरभरही लांब नाहीत आणि नेमकी तिथेच टेपला घडी पडलीये, दोन्हीचे पल्स मधलेच कुठलेतरी. डावीकडचा थोडा लांब वाटतो. रात्री वाटतो, सकाळी नाही वाटत.

सरांना फोन केला. प्रोग्रॅम नंबरही काढतो, 129 धरले तर तो विद्यार्थी एकटा दुसरा येतो, 128 धरले तर आणखी एकाबरोबर. सर म्हणाले, "तू काय धरलंस?" मी म्हटलं, काहीच नाही सर, दोन फाइली केल्यात. सरांचा मुलगा मागून म्हणाला, बाबा, तीसेक वर्षांपूर्वीच्या एका मार्काचं काय एवढं! त्यावर सर त्याच्याशी काहीही बोलले नाहीत, मला म्हणाले, "बरं केलंस, राहू दे तसंच."

मशीन घेऊन गेले. कार्डावर मार्क128 आणि मार्क129 शेजारी शेजारी आहेत, बाकी जागेत मुलाचे गेम. मूळ वेव्ह फाइल मी अजून डिलीट केलेली नाही, काल परत उघडली होती.