भरीत: ठेचायचं की कालवायचं?

पुण्यामुंबईकडे कुणी भरीत वाढलं, तर ते दह्यात कालवलेलं निघण्याची शक्यता बरीच. लाल भोपळा उकडून त्यात दही, मोहरी फेसून घातली की झालं भोपळ्याचं भरीत. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला ती कोशिंबीर वाटते. खान्देशात भरीत हा शब्द वांग्याला चिकटलेला आहे आणि त्याहून जास्त ठेचण्याला. पिशवीतल्या टोमॅटोंचं 'पार भरीत झालं' असं आपण म्हणतो, तेव्हा डोळ्यांसमोर दही नसतं.

संस्कृतात भरित म्हणजे भरलेलं. आपल्या भरतात मात्र भरत काहीच नाहीत. भरलेली वांगी ही वेगळी भाजी. शब्दाचं रूप एकीकडे, कृती दुसरीकडे. वांगं इथलंच, पण मिरची आली सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आणि शेंगदाणाही मूळचा दक्षिण अमेरिकेतला. म्हणजे आजच्या खान्देशी भरताची तिखट, दाणेदार चव काही फार जुनी नव्हे. जुनं आहे ते भाजणं आणि ठेचणं. चातुर्मासात कांदा-वांगं वर्ज्य करणारी घरं मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवून वांगं पुन्हा सुरू करतात. थंडीतल्या भरीत पार्ट्यांचा हंगामही साधारण तोच.

वांगं जांभळं नको. हिरवं, पांढरट रेघांचं, मोठं घ्या. बामणोद, आसोदा, भादली ही त्यासाठीची नावाजलेली गावं. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलकं लागलं पाहिजे. जड वांग्यात बिया जास्त, आणि बिया कडवट लागतात.

किलोभर वांगी असली तर बारा-पंधरा हिरव्या मिरच्या, लसणाचा एक गड्डा, अर्धी वाटी शेंगदाणे, कांद्याच्या पातीची एक जुडी, मूठभर कोथिंबीर आणि हात न आखडता तेल. हळद नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला तर नाहीच.

वांग्याला दोनचार ठिकाणी टोचा, नाहीतर आत वाफ कोंडून ते फुटतं. कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळल्या काड्यांचा जाळ भडक आणि धुरकट असतो, भरताचा वास तिथूनच येतो. गॅसवर भाजायचं तर आच मध्यम ठेवून फिरवत राहा. मोठ्या आचेवर साल करपते आणि देठाजवळचा गर कच्चा राहतो. म्हणून देठाशी सुरी टोचून बघा, अडली तर अजून भाजा. मग दहा मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. सोलताना वांगं नळाखाली धरू नका. साल पटकन निघते हे खरं, पण धुराचा वास पाण्याबरोबर जातो. हात बुडवायला वाटीभर पाणी पुरे.

आता बडगी. लाकडाच्या या भांड्यात आधी भाजलेल्या मिरच्या आणि लसूण मिठाबरोबर ठेचायचा, मग गर घालून मुसळीने ठेचायचं. गराचे धागे राहिले पाहिजेत. मिक्सरमध्ये बिया फुटतात, गर चिकट होतो, आणि हाती येते ती चटणी. बडगी नसेल तर पातेलं आणि लाकडी रवी चालेल. लोखंडी खलबत्ता टाळा, गर काळा पडतो.

कच्चं भरीत इथेच तयार होतं: वरून पात, कोथिंबीर, कच्चं तेल. फोडणीच्या भरताला तेलात जिरं-मोहरी तडतडवून दाणे लालसर तळा, पात परता, मग गर टाका. पाच मिनिटांत उतरवा. जास्त वेळ ठेवलं की दाणे मऊ पडतात.

सोबत पुरी चालते, पण कळण्याची भाकरी खरी. चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे काळे उडीद आणि खडामीठ, सगळं एकत्रच दळायचं. उडदाच्या चिकटपणामुळे ही भाकरी थापायला सोपी जाते आणि भरताचं तेल लागलं तरी फुटत नाही.