साडेचौदा सेंटिमीटर

२ मे, जालना

निवडश्रेणीच्या वाढीव पगाराचा फरक आज खात्यावर जमा झाला. चोवीस वर्षं गणित शिकवल्याचे पैसे. त्यातले एक लाख बाजूला काढून स्वतःसाठी चांगलं घड्याळ घ्यायचं हे मी मार्चमध्येच ठरवून टाकलं होतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "घे की, कधीची म्हणतेस." आईला फोन केला तर ती म्हणाली, "घरात दोन घड्याळं असताना तिसरं कशाला घ्यायलीस?"

ती दोन्ही मी निवडलेली नाहीत. एक लग्नातलं, सोनेरी साखळीचं, तबकडी नखाएवढी. परीक्षेच्या हॉलमध्ये त्यात वेळ बघायची तर मनगट डोळ्यांपाशी न्यावं लागतं. दुसरं सत्कारात मिळालेलं. माहेरी तर वारशानं यावं असं घड्याळच नव्हतं. दादा शेतावर निघायचे ते रेडिओवरच्या सात पाचच्या बातम्या ऐकून, आणि परतायचे ते ऊन उतरलं की. त्यामुळे घड्याळ कसं निवडतात हे मला शिकूनच घ्यावं लागणार आहे.

शिवणाच्या डब्यातला टेप काढला. मनगट साडेचौदा सेंटिमीटर. मग पट्टीनं मनगटाची वरची सपाट बाजू मोजली, ती ४८ मिलिमीटर भरली. महिनाभर वाचून जे कळलं ते असं, की सगळे विचारतात तबकडी केवढी. पण खरं बघायचं ते पट्टा अडकवायच्या दोन्ही बाजूंच्या शिंगांच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर. ते मनगटाच्या सपाट भागापेक्षा जास्त झालं की घड्याळ दोन्हीकडून बाहेर लोंबतं, मग ते कितीही महागाचं असो.

६ मे

छत्रपती संभाजीनगरला शोरूममध्ये जाऊन आले. ऊन म्हणजे नुसती भट्टी, आत एसीत गेल्यावर जिवात जीव आला. स्विस ऑटोमॅटिक, स्टीलचं, ४१ मिलिमीटर. पाठीमागे काच, आतला अर्धगोल रोटर हात हलला की फिरतो आणि स्प्रिंगला पीळ देतो. बघत राहावं असं काम. पण हातावर ठेवलं आणि आरशात पाहिलं तर दोन्ही शिंगं मनगटाबाहेर. विकणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, आता मोठंच चालतंय." चालत असेल. माझ्या हातावर ते भावाचं मागून आणल्यासारखं दिसत होतं.

रोलेक्सच्या डेटजस्टबद्दल वाचलं होतं. ते १९४५ मध्ये आलं, आणि त्याचा ३६ मिलिमीटरचा आकार आजही बनतो. मला शोभेल असा आकार तोच, हे तिथे उभं राहून पटलं. किंमत कित्येक लाख. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावं, ते घड्याळ आहेच तसं. पण मी सुती साडी नेसते, एसटीनं जाते-येते, दिवसभर हाताला खडूची धूळ. ते घातलं तर माझं अर्धं लक्ष फळ्यावर आणि अर्धं मनगटावर राहील. सतत जपावी लागणारी वस्तू मला रोज घालता येत नाही, साडी असो की घड्याळ.

१० मे

ऑनलाइन मागवलेलं घड्याळ आलं! एचएमटी जनता, देवनागरी आकड्यांचं. १८०० रुपये. लाखाला हात न लावता, सहज म्हणून मागवलेलं. खोकं उघडलं तेव्हा इतका आनंद झाला की स्वयंपाकघरात जाऊन लेकीला दाखवलं. १, २, ३ मराठीत लिहिलेलं घड्याळ, गणिताच्या बाईच्या हातात! एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि जनता हे त्यांचं घराघरांत पोचलेलं घड्याळ. आत झीज कमी करणारे सतरा खडे, म्हणजे ज्वेल, आणि रोज चावी द्यायची. २०१६ मध्ये केंद्र सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली.

१३ मे

तीन दिवसांत पंधरा मिनिटं पुढे. दिवसाला पाच मिनिटं. असं कसं?

१६ मे

संभाजीनगरला गुलमंडीच्या एका बोळात घड्याळवाले चाचा बसतात. पुढे काचेचं टेबल, डोळ्याला भिंग, कानावर पेन्सिल. मैत्रिणीनं पत्ता दिला होता.

चाचांनी आधी काहीच उघडलं नाही. ड्रॉवरमधून छोटं होकायंत्र काढलं आणि घड्याळ त्याच्याजवळ नेलं. सुई हलली. "मॅडम, पर्स बघू." पर्सच्या झाकणाला चुंबकाचं बटण! मी रोज रात्री घड्याळ काढून त्याच पर्समध्ये टाकत होते. आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकानं भारली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ पुढे पळतं. चाचांनी एका यंत्रावर ते ठेवून बटण दाबलं, हळूच वर उचललं, पुन्हा होकायंत्र. सुई स्थिर.

मग त्यांनी झाकण उघडलं, काटे काढले आणि भिंग माझ्या हातात दिलं. "आता मधल्या छिद्राची कड बघा." मी डोळ्याला लावलं. कडेला रंगाचा थर, रोटीला लोणी जाड फासावं तसा, आणि एका जागी त्याखाली दुसरा रंग. आकडे तर भिंगातून बघवेनात. २ ची शेपूट मिनिटांच्या रेघेला जाऊन भिडलेली. ७ कललेला. ८ ची शाई पसरलेली. "डायल नवा रंगवलाय. मशीन एचएमटीचंच आहे, चांगलं आहे. पण हा चेहरा त्याचा नाही." कुठल्या घड्याळाचा जुना डायल घासून त्यावर देवनागरी छापलं होतं. विकणाऱ्यानं 'मूळ' असं लिहिलं होतं, आणि मी विश्वास ठेवला.

मला पैशाचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की मी त्या आकड्यांवर जीव लावला होता. पोरं उत्तर बरोबर येण्यासाठी मधल्या पायऱ्या खोडून लिहितात ना, तसं केलेलं. वहीत तसं दिसलं की मला राग येतो, आणि इथे मनगटावर तेच घेऊन फिरत होते.

चाचांना विचारलं, मग जुनं घ्यायचं तर ओळखायचं कसं? ते बोलत गेले, मी डायरीच्या मागच्या पानावर लिहीत गेले. फार चकचकीत, फार भडक रंगाचं जुनं घड्याळ दिसलं की आधी शंका घ्यायची. छपाई भिंगातून बघायची, जुनी मूळ छपाई बारीक आणि धारदार असते. काटे आणि तबकडी एकाच वयाची दिसायला हवीत, एक पिवळं पडलेलं आणि दुसरं पांढरं शुभ्र, असं नको. मागचं झाकण उघडून दाखवायला जो कां-कू करतो त्याच्याकडून घ्यायचं नाही. आणि मशीनचं तेल सुकलेलं असणार असं धरून सर्व्हिसचा खर्च किमतीत मिळवायचाच. सुकल्या तेलावर घड्याळ चालवलं की चाकांची टोकं झिजतात.

एचएमटी मी तिथेच ठेवलं. चाचा म्हणाले, मूळ डायल मिळाला तर बसवू.

२१ मे

लेक म्हणते, "आई, साधं सेलचं घे ना, वेळ तर बरोबर दाखवतं." खरं आहे, दाखवतं. सेलच्या घड्याळातला क्वार्ट्झचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे २ चा १५ वा घात! निम्मं, पुन्हा निम्मं, असं पंधरा वेळा केलं की बरोबर १ उरतो, आणि काटा एक सेकंद पुढे सरकतो. क्वार्ट्झवर चालणारं पहिलं मनगटी घड्याळ सेइकोनं १९६९ च्या डिसेंबरमध्ये विकायला काढलं. अकरावीला घातांक शिकवताना हे आता सांगणारच आहे.

तरी मला चावीचं हवं आहे. का, ते आज कागदावर मांडून पाहिलं. दिवसाचे सेकंद ८६,४००. जुनं चांगलं घड्याळ दिवसाला ३० सेकंद चुकलं तर चूक होते साधारण ०.०३५ टक्के. पितळेची चाकं, एक पीळ दिलेली पट्टी, सेल नाही की वायर नाही, आणि एवढीशी चूक. हे मनगटावर असावं असं मला मनापासून वाटतं.

३० मे

घेतलं.

चाचांच्या ड्रॉवरमध्ये होतं. फावर-लुबा कंपनीचं, सी चीफ नावाचं मॉडेल. ही स्विस कंपनी १७३७ पासूनची, आणि मुंबईत ती १८६५ मध्येच आली होती, त्यामुळे जुन्या घरांतून तिची घड्याळं अजून निघतात. ३४ मिलिमीटर. शिंगांचं अंतर पट्टीनं मोजलं, ४१. तबकडी कधीकाळी रुपेरी असणार, आता जुन्या वहीच्या कागदाच्या रंगाची झाली आहे. चारच्या आकड्याजवळ मोहरीएवढा डाग. भिंग लावून मी स्वतः बघितलं. छपाईची एकही कड फुटलेली नाही, काटेही तसेच पिकलेले. झाकण उघडायला सांगायच्या आत चाचांनी उघडून पुढे केलं.

सर्व्हिस धरून नऊ हजार. बाकीचे पैसे तसेच आहेत, त्यांचं काय करायचं ते बघू.

पट्ट्यावर मात्र बराच वेळ गेला. मला तपकिरी चामड्याचा हवा होता. चाचा नको म्हणाले. मे-जूनच्या घामानं चामडं महिन्यात कडक होतं, वास मारतं. सध्या करड्या रंगाचा नायलॉनचा बसवला आहे, धुता येतो. चामड्याचा दिवाळीनंतर. पाण्यापासून लांब, चुंबकापासून लांब, आणि चावी रोज एकाच वेळी, अडली की थांबायचं, जोर करायचा नाही.

गाडीत खिडकीशी बसून करड्या पट्ट्यावर निळी इरकल कशी दिसते ते बघत आले. छान दिसते.

३१ मे

सकाळी सातला चावी दिली आणि मोबाईलशी वेळ जुळवली. चुंबकाचं बटण असलेली पर्स आईला देऊन टाकली, तिला ती आवडलीच होती. रात्री दहाला पुन्हा ताडून पाहिलं. पंधरा तासांत बारा सेकंद पुढे. म्हणजे दिवसाला साधारण एकोणीस. उद्या रात्री उशाशी पालथं ठेवून बघणार आहे, चाचा म्हणाले तसं ठेवलं की चाल थोडी बदलते.