यादी

यादिरा अरोयोला तिचे सहकारी 'यादी' म्हणायचे. मराठी कानाला यादी म्हणजे वाणसामानाची. दिव्याच्या खांबाला बांधलेल्या पुठ्ठ्यावर ते नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात क्षणभर तेल, मीठ, साबणच आलं. त्याची लाज अजून वाटते.

आम्ही न्यूयॉर्कमध्ये, ब्राँक्समधल्या पार्कचेस्टरला राहतो. 16 मार्च 2017, गुरुवार. दोनच दिवसांपूर्वी हिमवादळ होऊन गेलं होतं आणि फुटपाथच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग पडले होते. संध्याकाळी सायरन वाजत होते, पण ब्राँक्समध्ये सायरन म्हणजे कुकरच्या शिट्ट्या. पहिल्या महिन्यात मोजतो, मग कानावर पडायच्या बंद होतात. मी कणीक मळत होते, ती मळत राहिले.

आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर, साउंडव्ह्यू भागात, व्हाइट प्लेन्स रोड आणि वॉटसन ॲव्हेन्यूच्या चौकात यादिराचा जीव गेला होता.

ती ईएमटी होती. आपल्याकडे 108 ला फोन केला की येतात तशी इथे 911 ला फोन केला की येणारी माणसं. ईएमटी म्हणजे प्राथमिक उपचार करणारे. सलाईन लावणं, औषधं टोचणं हे त्याच्या वरच्या शिक्षणाच्या पॅरामेडिकचं काम. वय 44, नोकरीला 14 वर्षं, घरी पाच मुलगे. त्या संध्याकाळी ती आणि तिची जोडीदारीण दुसऱ्या कॉलवर निघाल्या होत्या. गाडीच्या मागच्या बंपरवर एक माणूस चढला होता, ते रस्त्यावरच्या कुणीतरी लक्षात आणून दिलं. यादिरा बघायला उतरली. तेवढ्यात तो माणूस चालकाच्या जागेवर घुसला. ती त्याला बाहेर ओढायला गेली आणि त्याने गाडी तिच्या अंगावर घातली. तिचीच ॲम्ब्युलन्स. जोडीदारीणही जखमी झाली. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही.

या सगळ्याचा कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ रात्रीपर्यंत सगळीकडे फिरला. मी तो पाहिला. पाहायला नको होता. तुम्हाला सापडला तर उघडू नका, एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन. "अगं, ॲम्ब्युलन्सवाल्यांना कुणी मारतं का?" तिला काय सांगणार? "दार नीट लावून घेत जा" म्हणाली आणि ठेवला.

मी चौकात गेले. फुटपाथवर फुलं होती, फुगे होते, कोपऱ्यावरच्या बोडेगात, म्हणजे छोट्या किराणा दुकानात, मिळतात तशा उंच काचेतल्या, संतांची चित्रं असलेल्या मेणबत्त्या होत्या. हात जोडावेत की नुसतं उभं राहावं, कळेना. परक्या बाईसाठी रस्त्यावर शोक कसा करतात ते आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. आपल्याकडे दहावा, तेरावा, कुणी कधी यायचं, काय बोलायचं, सगळं ठरलेलं. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या हातात लायटर दिला आणि विझलेल्या मेणबत्त्यांकडे बोट दाखवलं. वाऱ्याने त्या सारख्या विझत होत्या. मग अर्धा तास आम्ही दोघी तेच करत होतो. एकमेकींची भाषा येत नव्हती, त्याची गरजही पडली नाही.

अंत्यसंस्कार 25 मार्चला सेंट निकोलस ऑफ टॉलेंटाइन चर्चमध्ये झाले. आत जायचा प्रश्नच नव्हता, मी बाहेर पदपथावर. गणवेशातल्या माणसांच्या रांगा नजर पोहोचेल तिथपर्यंत, आणि एवढ्या गर्दीत शब्द नाही. न्यूयॉर्क अग्निशमन दलात कामावर असताना कुणाचा मृत्यू झाला की घंटेचे पाच-पाच ठोके चार वेळा देतात; तारयंत्राच्या काळापासूनची ही खूण आहे. ठाण्यांच्या दारांवर काळं-जांभळं कापड लावतात. हा मान ॲम्ब्युलन्सवाल्यांनाही मिळतो, कारण 1996 मध्ये शहराची रुग्णवाहिका सेवा या दलात विलीन झाली.

पगार मात्र विलीन झाला नाही. हे मला आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीने सांगितलं, ती स्वतः ईएमटी. एकाच दलाचं बोधचिन्ह छातीवर, पण आग विझवणाऱ्यांपेक्षा पगार बराच कमी. म्हणून कितीतरी जण काही वर्षांत परीक्षा देऊन तिकडे जातात. तीही देणार म्हणत होती, अजून दिलेली नाही. मेल्यावर समान, जिवंतपणी नाही, हे मला त्या घंटेच्या ठोक्यांपेक्षा जास्त टोचतं. ठोके द्यायला पैसे लागत नाहीत.

खटला लांबला. आरोपी मानसिकदृष्ट्या खटल्याला उभा राहण्याच्या स्थितीत आहे की नाही, यावरच वर्षं गेली. मार्च 2023 मध्ये तो दोषी ठरला, म्हणजे सहा वर्षांनी. या सगळ्या काळात तिचे सहकारी गणवेशात येऊन कोर्टाचे बाक भरत राहिले. खालच्या मजल्यावरचीही रात्रपाळी करून, डोळे चुरचुरत, जाऊन बसायची. "तिथे काय होतं?" मी एकदा विचारलं. म्हणाली, "बहुतेक वेळा पुढची तारीख." आणि हसली. कोर्टातली तारीख न्यूयॉर्कमध्येही तीच!

निकालाच्या आधीच, सप्टेंबर 2022 मध्ये, शहराच्याच क्वीन्स भागातल्या अस्टोरियात याच ॲम्ब्युलन्स सेवेतल्या ॲलिसन रुसो या लेफ्टनंटवर तिच्या ठाण्याजवळच भोसकून हल्ला झाला. 11 सप्टेंबर 2001 ला जी धावून गेली होती, ती ड्युटीवर असताना, भर दुपारी गेली. त्या दिवशी खालच्या मजल्यावरून काही आवाज आला नाही. मी डब्यात वरण-भात भरून दारात ठेवून आले. डबा तीन दिवसांनी धुऊन परत आला, त्यात चार संत्री.

त्या चौकातून आता क्वचित जाते. मेणबत्त्या कधीच्या उचलल्या गेल्या. ॲम्ब्युलन्स वाहतुकीत अडकलेली दिसली की नजर आधी पुढच्या काचेकडे जाते. दोन चेहरे, बहुतेक वेळा फार तरुण, मांडीवर अर्धा खाल्लेला सँडविच. पूर्वी मला फक्त भोंगा ऐकू यायचा.

खालची मुलगी संध्याकाळी सहाला निघते. जिन्यात गाठ पडली की पूर्वी म्हणायची, "मी जाते." मला ते ऐकवेना. शेवटी एकदा तिला थांबवून शिकवलं, आमच्यात जाते म्हणत नाहीत. तिने खांद्यावरची बॅग सावरत दोन-तीनदा घोकलं.

आता ती जिन्यातूनच ओरडते, "येटे!"